रेडिएटरमध्ये हळद टाकायच्या आधी हे वाचा

ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज परत परत फिरतोय, की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी-केमिकलचं मिश्रण) कमी होत असेल तर गॅरेजवाल्याची भर करू नका, रेडिएटरमध्ये दोन मुठी हळद टाका, वरून साधं पाणी भरा, खाली थेंब दिसत नसेल तर लीक नाहीच, आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्या खालची सीलची पट्टी) गेलं समजा. यातल्या प्रत्येक सल्ल्याने गाडीमालकाच्या खिशालाच चाट बसते, म्हणून एकेक घेतो.

हळदीने गळती थांबते का? रेडिएटरला सुईएवढं भोक असेल तर थांबते, थोडे दिवस. पूड पाण्यात फुगते आणि भोकात जाऊन बसते. पण तिला काय माहीत भोक कुठलं आणि नळी कुठली? रेडिएटरच्या नळ्या आधीच चपट्या, अरुंद, ऑइल कूलरच्या वाटा त्याहून बारीक, आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बऱ्याच इंजिनांना ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटने थंड करणारा भाग) पण आहे, तिथेही तोच गाळ जाऊन बसतो. मग भरलेली गाडी खंबाटकी घाट चढायला लागली की तापमानाचा काटा वर, आणि हेड वाकलं तर तो खर्च भोक बुजवण्याच्या कितीतरी पट. शिवाय गळती होजच्या क्लिपला किंवा वॉटर बॉडीच्या (कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या) सीलला असेल तर हळद तिथे काय करणार?

आता "थेंब नाही म्हणजे लीक नाही". अहो, कूलंट डिझेलसारखं जळून संपत नाही, बंद सिस्टिम आहे, दर आठवड्याला टाकी भरावी लागत असेल तर ते कुठेतरी जातंयच. गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, तिथेच वाळतो आणि मागे रंगीत किंवा पांढरट खरवड सोडतो. टॉर्च घेऊन तीच शोधायची, क्लिपांच्या कडेला, रेडिएटरच्या जोडावर, आणि वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक भोकाशी, तिथून ओल येत असेल तर आतलं सील गेलंय. काही क्लिपा फक्त सकाळी थंड असताना गळतात, इंजिन तापलं की रबर फुगून बंद होतात, त्यामुळे दुपारी गॅरेजला नेलं तर काहीच सापडत नाही.

बाहेर काहीच दिसलं नाही तर प्रेशर टेस्टर, म्हणजे झाकणाच्या जागी लावून हवेचा दाब द्यायचा काट्याचा पंप, लावा. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, हात-तोंड भाजतं. झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघायचा. झाकण पण तपासून घ्या, स्प्रिंग ढिली पडली की कूलंट तिथूनच निघून जातं. काटा पडतोय पण बाहेर सगळं कोरडं, म्हणजे आत जातंय. ऑइल दुधाळ झालंय का, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहतो का बघा, ईजीआर कूलर फुटला तरी असा धूर येतो.

साधं पाणी? रस्त्यात अडकलात तर घरापर्यंत यायला ठीक. पण बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतात, आणि वेट लायनरच्या डिझेल इंजिनात (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीला, म्हणजे लायनरला, बाहेरून थेट कूलंट लागतं) लायनर थरथरतो तेव्हा बाहेरून बारीक बुडबुडे फुटून धातू टोकरला जातो, तो वाचवायचं केमिकल कूलंटमध्ये असतं, पाण्यात नाही. लायनरला आरपार भोक पडलं की इंजिन खोलल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि बुडबुड्यांवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथे चांगली हेडं उगाच उतरवली जातात. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर बऱ्याच ट्रकांत कूलंटवरच थंड होतो, त्याच्या हेडचं गॅस्केट गेलं तर तो टाकीत हवा ढकलतो आणि दिसायला अगदी इंजिनाचं हेड गॅस्केट गेल्यासारखं दिसतं. गाडी सपाटीवर, चाकांना दगड लावून, कॉम्प्रेसरची हवा बाहेर जाणारी लाइन ढिली करा म्हणजे दाब बनणार नाही, आणि इंजिन चालू करून टाकीत बघा. बुडबुडे थांबले तर दोष कॉम्प्रेसरचा, इंजिनाच्या हेडला हात लावू देऊ नका.