‘बायबलच्या भरवशावर आज जगता येत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

एक मजकूर गेले काही महिने सारखा फिरतोय. मला तो मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, तरुणांकडून आला, ऑफिसातल्या मित्राकडून आला, आणि शेवटी धाकट्या भावाकडून आला. त्याने खाली लिहिलं होतं, ‘दादा, याला उत्तर आहे का?’ मजकुराचा सारांश असा: बायबल हे भाषांतराचं भाषांतर, मूळ काय होतं कुणाला ठाऊक नाही. त्यातली पुस्तकं एका रोमन बादशहाने निवडली. ते स्वतःलाच खोडतं, गुलामगिरीला पाठिंबा देतं, आणि कर्ज, नोकरी, दवाखाना या आजच्या जगात त्याच्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

उत्तर आहे. एकेक मुद्दा घेऊ.

भाषांतराचं भाषांतर, असं तर मराठी माणसाने म्हणूच नये. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. संस्कृतावर प्रभुत्व असलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली, कारण तिला मुळावरूनच काम करायचं होतं आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत ते उतरवायचं होतं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. हे बायबल छापलं गेलं ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात. आजचे भाषांतरकारही हिब्रू आणि ग्रीक पाठ समोर ठेवूनच बसतात.

ते मूळ पाठ कितपत शाबूत आहेत, हा प्रश्न मात्र रास्त आहे. 1947 मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची एक जवळजवळ अखंड गुंडाळी होती, सात मीटरहून लांब, ख्रिस्ताच्या आधी शंभराहून अधिक वर्षं लिहिलेली. हिब्रू जुन्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागाची, आज हाती असलेली सर्वांत जुनी संपूर्ण प्रत आहे इसवी सन 1008 च्या सुमाराची. मध्ये अकराशे वर्षं हाताने नकला होत गेल्या. दोन्ही शेजारी ठेवल्यावर लेखनातले पुष्कळ फरक दिसले, काही ठिकाणी शब्दही वेगळे निघाले, पण यशया तोच निघाला. जिथे शंका आहे तिथे ती लपवलेलीही नाही. मार्कच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या, शेवटच्या बारा वचनांपाशी अनेक आवृत्त्यांत टीप असते की जुन्यात जुन्या प्रतींत हा भाग नाही. ज्या ग्रंथाचे छापणारेच अशी टीप देतात, त्यावर माझा भरवसा वाढतो.

बादशहाचा मुद्दा लवकर संपतो. रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने 325 मध्ये नायसिया इथे बिशपांची परिषद बोलावली हे खरं. तिथे वाद झाला तो ख्रिस्त पित्याच्या बरोबरीचा देव नाही या एरियसच्या शिकवणीवर आणि ईस्टरच्या तारखेवर. परिषदेचे वीस नियम आज वाचायला मिळतात, त्यात पुस्तकांची यादी नाही. चार शुभवर्तमानं कोणती, हे ल्योंचा बिशप इरेनियस याने सुमारे 180 मध्येच लिहून ठेवलं होतं. तेव्हा कॉन्स्टंटाइनचा जन्मही व्हायचा होता.

आता विसंगती. बायबलमधल्या नीतिसूत्रं या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात चौथं वचन सांगतं की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, देशील तर तूही त्याच्यासारखा होशील. लगेच पाचवं वचन सांगतं की त्याला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. दोन वचनं खेटून ठेवली आहेत, चुकून नव्हे. माझी आजी कुणी घाई केली की ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ म्हणायची आणि कुणी रेंगाळला की ‘शुभस्य शीघ्रम्’. तिला कुणी विसंगत म्हटलं नाही. कुठे काय लागू पडतं हे ओळखायला शिकवण्याची ती रीत होती, आणि नीतिसूत्रांचीही तीच आहे.

येशूच्या कबरीपाशी किती स्त्रिया गेल्या, हे चार शुभवर्तमानांत वेगवेगळं येतं, तेही मान्य. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या लेखकाने चारही एकत्र गुंफून एकच सलग वृत्तांत तयार केला होता. सिरियातल्या मंडळ्यांनी तो बराच काळ वापरलाही. शेवटी मंडळीने चार वेगळे साक्षीदारच ठेवले, फरकांसकट.

गुलामगिरीच्या मुद्द्यापाशी मला थांबावं लागतं. जुन्या करारात दासांविषयी नियम आहेत, नव्या करारातल्या पत्रांत प्रेषित पौल दासांना धन्याची आज्ञा पाळायला सांगतो, आणि ही वचनं दाखवून ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी माणसं विकली. हे वाचताना मला त्रास होतो आणि तो व्हायलाच हवा. पण 1807 मध्ये लंडनमध्ये छापलेलं एक बायबल पाहा. ते वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास काढलं होतं. त्यात धन्याची आज्ञा पाळा हे ठेवलं होतं. इस्राएल लोक मिसरच्या दास्यातून सुटले, तो भाग नव्हता. ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे गलतीकरांच्या पत्रातलं वचनही नव्हतं. जुन्या कराराचा बहुतेक भाग आणि नव्या कराराचा जवळपास अर्धा भाग गाळला होता. हे पुस्तक गुलामगिरीच्या बाजूचंच असतं, तर इतकी कात्री कशाला लागली असती?

हीच कात्री आपणही रोज चालवतो, म्हणून हे सांगतोय. यिर्मया 29:11 हे वचन कॅलेंडरवर असतं, मगवर असतं: तुमच्याविषयीचे माझे विचार हिताचे आहेत. ते ज्या पत्रात आहे ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं आहे. एकच वचन आधी सांगितलंय की सुटकेला सत्तर वर्षं लागतील. त्याच्याही आधी सांगितलंय: तिथे घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं हित पाहा. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणारच नव्हती. सुटं वचन हातात धरून बसलेला माणूस नोकरी गेली की मोडतो. अख्खं पत्र वाचलेला माणूस दुसऱ्या दिवशी काम शोधायला बाहेर पडतो.

उरला रोजचा व्यवहार. चार वर्षांपूर्वी एका जिवलग मित्राने पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही मागितली. फॉर्म टेबलावर, पेन उघडलेलं, त्याची बायको चहा घेऊन उभी. मला वडिलांच्या बायबलातली निळ्या पेन्सिलीची रेघ आठवली, नीतिसूत्रं 22: दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नको, फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का काढून न्यावं? मी सही केली नाही. पण त्याच पुस्तकात येशू म्हणतो की जो मागतो त्याला दे. तेव्हा पगारातून जमेल तेवढी रक्कम परतीची अट न घालता दिली. मित्र काही महिने बोलत नव्हता, आता बोलतो. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःपाशी ठेवू नको, हे जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचं वचन आमच्या घरी बांधकाम चाललं तेव्हा आई रोज संध्याकाळी म्हणायची आणि पैसे मोजूनच आत यायची. हे कालबाह्य कसं?

दवाखान्याचा आरोप सर्वांत गंभीर आहे, कारण त्याला आपल्यातल्याच काहींनी खतपाणी घातलंय. माझ्या मावशीने एका प्रार्थनासभेत ‘विश्वास असेल तर औषध सोड’ असं ऐकलं आणि इन्सुलिन बंद केलं. तिला दवाखान्यात नेलं तेव्हा साखर 400 च्या वर होती. चूक सभेत बोलणाऱ्याची होती, आणि ती पकडायला बायबलच लागलं. घरी आणल्यावर मी तिच्याजवळ बसून जुन्या करारातल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाचा विसावा अध्याय वाचला. हिज्कीया राजा मरणाला टेकला आहे. तो रडून प्रार्थना करतो. देव म्हणतो, मी तुला बरं करतो, तुझं आयुष्य पंधरा वर्षं वाढवतो. आणि पुढच्याच क्षणी यशया सांगतो, अंजिरांची ढेप आणा. ती गळवावर बांधतात आणि राजा बरा होतो.

मावशीने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि तेवढंच वचन पुन्हा वाचलं.

‘पंधरा वर्षं दिली म्हणून सांगितलं, तरी अंजीर आणायला लावलं?’

‘हो.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘फ्रिजमधून ते पेन आण. जेवायच्या आधी घ्यायचं असतं.’