छावणीच्या भिंतीलगत राहणाऱ्यांचं काय?

लष्करी तळांजवळच्या वस्त्यांना राज्याने निधी द्यावा, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण आमच्या संभाजीनगरच्या छावणीचं दुखणं जरा वेगळं आहे. केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर लावता येत नाही, राज्यघटनेचं कलम 285 तसंच सांगतं. मग छावणीचा नागरी कारभार पाहणाऱ्या कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हाती उरतं ते कराऐवजी केंद्राने द्यायचं सेवाशुल्क, तेही दिल्लीहून येईल तेव्हा. 2023 मध्ये हिमाचलातली योल छावणीचं बोर्ड मोडीत निघालं, तेव्हापासून आमच्याकडं नागरी भाग महापालिकेत जाणार म्हणून नुसती चर्चा. जाऊ द्या की, पण पाण्याचं काय? महापालिकेच्या जुन्या वॉर्डांतच नळाला रोज पाणी नाही! त्यात हद्दीला लागून बांधकाम करायचं तर लष्कराची ना हरकत. माझ्या भावाने वरचा मजला चढवायला अर्ज दिला, दोन वर्षं ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. गुरुवारच्या बाजाराला मात्र आसपासची सगळी गावं लोटतात, घाण आमच्या दारात. विलीनीकरण करायचंच असेल तर राज्याने पाइपलाइन आणि ड्रेनेजचा पैसा आधी द्यावा, आणि तो महापालिकेच्या एकत्र खात्यात नको, या भागाच्याच नावावर.