मठाची गादी कशी मिळवावी आणि कशी टिकवावी

सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या उमराव घराण्यात मुलगी म्हणून जन्माला येण्याचा योग आपल्या पत्रिकेत असेल आणि सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाची अध्यक्षा व्हावे अशी मनीषा असेल, तर संत बेनेडिक्टची नियमावली पाठ करण्यात वेळ दवडू नये. मौन, अंगमेहनत आणि मांस वर्ज्य ही पथ्ये १०९८ साली सितोच्या रानात हा पंथ काढणाऱ्या साध्या माणसांना शोभणारी होती. पोप आणि फ्रान्सचा राजा यांच्यातल्या १५१६ च्या बोलोन्या करारापासून मठांवरच्या नेमणुकांची दोरी राजाच्या हाती आहे, तेव्हा आराधना कोणाची करायची हे वेगळे सांगायला नको.

या पदाची खरी पात्रता म्हणजे योग्य ठिकाणी पोहोचलेली बहीण. आंजेलिक देस्त्रे यांची बहीण गाब्रिएल ही राजा चौथा हेन्री याची प्रेयसी होती. आंजेलिक आधी बेर्तोकूर मठाच्या अध्यक्षा होत्या, पण तो पडला पॅरिसपासून लांब, आणि राजाला प्रेयसीच्या भेटीसाठी सोयीची जागा हवी होती. राणी ब्लांशने १२३६ साली पॅरिसनजीकच्या पाँत्वाझ गावाजवळ बांधायला घेतलेला मोबुइसाँ मठ तेवढ्यासाठी पुढे आंजेलिक यांच्याकडे आला.

एकदा गादीवर बसल्यावर धर्मभगिनींना शिस्तीचा जाच करू नये. इथल्या भगिनी तळ्याकाठी फिरायला जात आणि शेजारच्या सें-मार्तां मठातले साधू त्यांच्याबरोबर नाचायला येत. पापनिवेदन कसे करावे हे कित्येकींना ठाऊक नव्हते. पण पाप घडल्यासारखे ज्यांना वाटतच नाही, त्यांनी निवेदन तरी कशाचे करावे? अध्यक्षांना स्वतःला बारा मुले आहेत, असे लोक बोलत. लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये, विशेषतः ते मोजून बोलत असतील तेव्हा.

१५९९ साली बहीण वारली, १६१० साली राजाचा खून झाला, तरी गादी हलली नाही. पुढे पंथप्रमुखांनी चौकशीला माणसे पाठवली, तेव्हा आंजेलिक यांनी त्यांना बुरुजात कोंडले आणि एकाला फटकेही दिले, असे सांगतात. चौकशी अहवालाला याहून मुद्देसूद उत्तर आमच्या पाहण्यात नाही. तरीही १६१८ साली राजाचे शिपाई आलेच, तर अंथरुणातून उठू नये आणि कपडेही करू नयेत. गादी अशी घट्ट धरावी की त्यांना ती आपल्यासकट उचलून गाडीत ठेवावी लागेल.

आपल्या जागी पोर-रोयाल या दुसऱ्या सिस्टर्शियन मठाची अध्यक्षा आंजेलिक आर्नो येईल. ती पूर्वी आपल्याच मठात शिकलेली, नावही तेच घेतलेली, आणि वय वाढवून सांगून अकरावे वर्ष पुरे होण्याआधीच अध्यक्षा झालेली. एवढी उत्तम सुरुवात असूनही तिने पुढे नियमावली खरी मानली, यावरून संगतीचा परिणाम नेहमीच होतो असे नाही हे दिसते. तिच्यावर विसंबू नये. सप्टेंबर १६१९ मध्ये आपल्या बाजूचे शस्त्रधारी सरदार घेऊन परत यावे आणि तिला बाहेर काढावे. तिच्यामागोमाग तीसएक भगिनी पायी पाँत्वाझला निघून जातील. त्यांना अडवू नये, कारण तेवढा वेळच नसतो. शिपाई पुन्हा येतात आणि पळावे लागते, म्हणून घोड्यांवर खोगीर चढवूनच ठेवावे आणि या खेपेस तरी अंगभर कपडे घालून झोपावे.