‘सहभाग म्हणजे फोटोपुरती खुर्ची’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा काठांच्या पुनर्विकासातल्या लोकसहभागावरचा स्वतःचाच लेख उघडून बसलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नदीकाठ किंवा जुनं बंदर नव्याने उभारताना ‘लोकसहभाग’ हा शब्द शोभेपुरता असतो. निर्णय आधीच झालेले असतात. काठ चकाचक झाला की भाडी चढतात आणि ज्यांच्या नावाने सगळं चाललं होतं तेच उठून जातात. शिवाय अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या बंदराचं कौतुक करताना मी अर्धीच गोष्ट सांगितली.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बिनतोड आहे. १९८० साली तिथे उघडलेल्या हार्बरप्लेस या काठावरच्या दुकानं-हॉटेलांच्या संकुलाची नक्कल पुढे ठिकठिकाणच्या बंदरांनी केली, हे मी लिहिलं. २०१९ मध्ये तेच संकुल कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या ताब्यात गेलं, हे लिहिलं नाही. विसरलो नव्हतो, लेखाच्या सुरात बसेना म्हणून गाळलं. चूक माझी.

सहभागाच्या नावाने होणाऱ्या जनसुनावण्यांबद्दलही तुमच्याशी भांडणार नाही. अशाच एका सुनावणीत मागच्या रांगेत बसून मी स्टँडवरचा नकाशा पाहिला आहे. दुरुस्तीसाठी होड्या ओढून घ्यायचा उतार त्यावर हिरव्या रंगाने भरला होता आणि कोपऱ्यातल्या सूचीत हिरव्यापुढे लिहिलं होतं ‘बगीचा’. एक वयस्कर कारागीर उठून म्हणाला, “त्या हिरव्यात मी रोज काम करतो. मी कुठल्या रंगात आहे?” सभागृहात हशा पिकला. इतिवृत्तात आलं, ‘सूचना नोंदवली.’

पण इथून पुढे आपले रस्ते वेगळे होतात. सहभाग फोल ठरतो म्हणून तो सोडूनच द्या, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, बोलावणं आणि भागीदारी यांत आपण गल्लत करतोय. ज्याच्या नावावर काहीतरी असतं तो भागीदार, बाकीचे पाहुणे.

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावरचं कॉइन स्ट्रीट घ्या. तिथे येऊ घातलेल्या टोलेजंग ऑफिसांविरुद्ध रहिवाशांनी १९७७ मध्ये कृती गट स्थापला. सरकारी चौकश्या झाल्या, वर्षं गेली, आणि १९८४ मध्ये विकासक मागे हटला. मग ग्रेटर लंडन कौन्सिलने, म्हणजे शहराच्या तेव्हाच्या प्रशासनाने, सुमारे १३ एकर जमीन रहिवाशांच्या ना-नफा संस्थेला १० लाख पौंडांना विकली. मध्य लंडनमध्ये, नदीकाठी, इतकी स्वस्त! कारण जमिनीवर काय करता येईल याच्या अटी आधीच घातलेल्या होत्या: परवडणारी घरं, मोकळी जागा वगैरे. अशा बांधून टाकलेल्या जमिनीला बाजारात भावच येत नाही. खरी मेख इथे आहे. भाव कोणाच्या दयेने उतरला नाही, अटींनी उतरला.

पुढे तिथली ऑक्सो टॉवर व्हार्फ ही जुनी इमारत १९९६ मध्ये नव्या रूपात उघडली. सर्वांत वर रेस्टॉरंट, मध्ये सहकारी गृहसंस्थेची ७८ घरं, खाली डिझायनर-कारागिरांचे गाळे. काठ प्रसिद्ध झाला, व्यापारी भाडी वाढली, पण ती परक्या मालकाच्या खिशात न जाता त्याच संस्थेकडे येतात. भाडेवाढीवरचं तुमचं बोट बरोबर जागी आहे. फक्त भाडं कोणाकडे जातं, हा त्याच्याआधीचा प्रश्न.

वेळेचंही तसंच. वॉशिंग्टनमध्ये अ‍ॅनाकॉस्टिया नदीवरच्या पुलावर उद्यान करायचं ठरलं, तेव्हा बांधकामाच्या कितीतरी आधी, २०१५ मध्येच, आसपासच्या वस्तीची घरं, रोजगार आणि छोटे व्यवसाय यांचा आराखडा जाहीर झाला. त्यातूनच पुढे सामुदायिक जमीन-न्यास, म्हणजे घरं परवडणारी राहावीत म्हणून जमीन स्वतःच्या मालकीत ठेवणारी वस्तीची संस्था, उभा राहिला. किमती चढल्यावर न्यास काढून काय उपयोग? तोवर जमीन हाताबाहेर गेलेली असते.

आणि हो, पुन्हा अर्धी गोष्ट नको. याच कॉइन स्ट्रीटवाल्यांनी नंतर ४०हून अधिक मजल्यांच्या टॉवरचा घाट घातला, सार्वजनिक जलतरण तलावाचा खर्च त्यातून निघावा म्हणून. एकेकाळी उंच इमारतींविरुद्ध लढलेली संस्था, आणि आता विरोध तिलाच! तुमच्या मुद्द्याला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं. तरीही त्या टॉवरवरून भांडायला कोणाच्या दारात जायचं, हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं.

बाल्टिमोरचा परिच्छेद आज दुरुस्त केला आहे. एकदा बघा.