नातीचे फोटो काढताना नातीला मध्ये आणू नका

संक्रांतीला नात येणार असेल तर दसऱ्यापासूनच तयारीला लागा. तयारी म्हणजे दिव्यांची. नाचणीची खीर, कानटोपी, आंघोळीचा टब ही खाती आजीकडे आहेत आणि ती तिथेच सुरक्षित आहेत. आपल्याकडे इतिहासाचं खातं. आपण निवृत्त झालो आहोत, फंडाचे पैसे बँकेत नुसते पडून आहेत, बीपी एका गोळीवर थांबलेलं आहे आणि मुख्य म्हणजे आपण नाशिककर आहोत. दादासाहेब फाळके १८७० साली इथेच त्र्यंबकेश्वरला जन्मले, पुढे सिनेमाचा संसारही त्यांनी नाशकातच थाटला आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकाला आपण पाहुण्यांना घेऊन निदान वीस वेळा तरी जाऊन आलो आहोत. फोटोग्राफीला याहून वेगळी पात्रता लागत नाही.

सुरुवात एमजी रोडपासून करा. तिथल्या कुठल्याही दुकानात शिरून "घरच्या घरी लहान मुलीचे फोटो काढायचेत, काहीतरी साधंच द्या" एवढं म्हणा. 'साधंच' म्हटलं की काउंटरवर दोन दिवे, दोन स्टँड, एक सॉफ्टबॉक्स, एक पांढरी छत्री, एक रिंगलाइट, फ्लॅशचा ट्रिगर, पेन्सिल सेलचा चार्जर आणि हे सगळं मावेल अशी बॅग येते. घरी कुणी किंमत विचारली तर बॅगेची सांगा.

आता घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू ओळखा. उत्तरेची खिडकी. आमच्या हॉलला आहे. थंडीत सूर्य दक्षिणेच्या अंगाने सरकत जातो, त्यामुळे या खिडकीत ऊन कधी येतच नाही. दिवसभर नुसता सारवल्यासारखा एकसारखा उजेड. काही भाबडे लोक सांगतात की मुलाला या खिडकीपासून दोन हातांवर बसवावं, खिडकी एका कुशीला घ्यावी आणि दुसऱ्या बाजूला काहीतरी पांढरं धरावं. चादर चालते, धुतलेलं धोतर चालतं, माळ्यावर पडलेला जुन्या मखराचा थर्माकोलही चालतो. (२०१८ च्या बंदीपासून तो आमच्याकडे तिथेच आहे. गणपतीला वापरता येत नाही आणि टाकवत नाही.) मग म्हणे सावलीतला गाल उजळतो, डोळ्यांत खिडकीचा चौकोन चमकतो आणि फोटो होतो. असल्या लोकांपासून चार हात लांब राहा. त्यांचं ऐकलं तर बॅगेचं काय करायचं? पडदा ओढून घ्या. खिडकीखाली आजी मटार सोलत बसलेली असेल तर तिला उठवा, स्टँडचे पाय नेमके तिथेच येतात.

शास्त्र मात्र पाठ हवं. दिवा चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा आणि जितका जवळ, तितकी सावलीची कड मऊ. छत्री असते ती याचसाठी, मुठीएवढ्या फ्लॅशचा उजेड तिच्यावर फाकून छत्रीएवढा होतो. एवढं पाठ झालं की छत्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवा, कारण जवळ ठेवली तर नात ती ओढते. तिकडून ती छत्री पुन्हा मुठीएवढीच दिसते, सावल्या पुन्हा विळ्याने कापल्यासारख्या पडतात आणि अंतर दुप्पट झाल्यामुळे उजेड चौथाईवर येतो. हा व्यस्त वर्गाचा नियम मुलाला चहाच्या वेळी समजावून सांगा. तो फोनमधून मान वर न काढता "हो बाबा" म्हणेल. त्याला समजलं असं धरून चाला.

स्टँडच्या पायाला वजन बांधावं, पाच किलो तांदळाची पिशवी पुरते, असंही पुस्तकात असतं. बांधू नका. तांदूळ मागायला स्वयंपाकघरात गेलात की तिथे बॅगेचा विषय निघतो. आमच्याकडे छत्री दुसऱ्याच दिवशी सकाळी कलंडली, सुदैवाने फ्लॅश सोफ्यावर पडला. नात धावत आली, उलट्या पडलेल्या छत्रीत जाऊन बसली आणि "पाऊच! पाऊच!" करत टाळ्या वाजवायला लागली. सकाळ होती, पडदा आजीने मघाशीच सरकवून ठेवलेला होता आणि पांढऱ्या कापडावरून उजेड खालून, बाजूने, सगळीकडून तिच्या तोंडावर येत होता. अशा प्रसंगी गोंधळायचं नाही. तिला बाहेर काढा आणि छत्रीची काडी वाकली आहे का ते बघा.

घरातले दिवे सगळे लावा. एक पिवळा बल्ब २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), एक पांढरी ट्यूब ६५०० ची, मध्ये आपला फ्लॅश ५५०० च्या आसपास. कॅमेऱ्याला यातला एकच रंग पांढरा मानता येतो, बाकीच्यांचं तो काय करेल ते त्याचं त्याला ठाऊक. आमच्या नातीचा एक गाल हळद लावल्यासारखा आला आणि दुसरा पौषातल्या पहाटे रामकुंडात बुडी मारून आल्यासारखा. घरचे दिवे मालवून एकाच जातीचा उजेड ठेवला असता तर दोन्ही गाल तिचेच आले असते, पण मग हॉल अंधारा दिसतो आणि शेजारी विचारतात, लाइट गेली का.

फ्लॅशचं डोकं फिरतं. ते छताकडे फिरवलं की पांढरं छतच एक भलामोठा दिवा होतं, उजेड वरून अलगद उतरतो आणि मूल दचकत नाही. तुम्ही फिरवू नका. समोरून मारा. मी पहिल्या दिवशी समोरून त्रेचाळीस फोटो काढले. त्यांतल्या एकतीस फोटोंत नातीचे डोळे मिटलेले आहेत आणि बाकीच्यांत ती नाही. आणि हॉलला हौसेने पिस्ता रंग दिलेला असेल तर फ्लॅश भिंतीवरून परतवून बघा. घरात काविळीचा विषय निघतो, आजी ताबडतोब डॉक्टरांना फोन लावते. फोटो उघडून पांढरा पडदाही हिरवाच आलाय हे दाखवेपर्यंत डॉक्टर तिकडे 'हॅलो हॅलो' करत असतात.

वाकू नका. गुडघ्यांना जपायचं वय आहे. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला कॅमेरा न्यावा, त्यासाठी सरळ सतरंजीवर आडवं व्हावं हे ठीक आहे, पण परत उठवायला कोण येणार? उभ्याउभ्या वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पोट गोल आणि पाय इवलेसे येतात. नाशकात याला कुणी नावं ठेवणार नाही, मूर्ती म्हणून चांगलीच दिसते.

मूल स्थिर बसत नसेल तर पुन्हा फाळक्यांकडे वळा. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी काय टिपलं? कुंडीत पेरलेला वाटाणा. रोज थोडं थोडं चित्रण करत गेले आणि शेवटी पडद्यावर रोपटं सरसर उगवताना दिसलं. वाटाणा पळत नाही, रडत नाही, ट्रिगर तोंडात घालत नाही. नातीला वाटाण्याचा आदर्श ठेवा. पुढे १९१९ मध्ये याच फाळक्यांनी स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण केलं आणि ती पोर नागाच्या फण्यावर मजेत नाचली, हे सध्या विसरा. त्या काळी चित्रीकरण सूर्याच्या उजेडावर चालायचं, याचाही उल्लेख नको. आजीच्या कानावर गेलं तर खिडकीचा विषय परत निघतो.

बोरन्हाणाचा दिवस म्हणजे तुमची खरी परीक्षा. काळं झबलं आणि त्यावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने. ज्याने कुणी ही प्रथा पाडली त्याच्याकडे कॅमेरा नक्कीच नव्हता. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सगळ्या जगाला मध्यम करडं समजतं. समोर काळंच काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. झबलं राखाडी होतं आणि हलव्याच्या ज्या कणाकणाला सूनबाईंच्या आईने चार दिवस काटे आणले, त्याच्या डांबराच्या गोळ्या होतात. एक्स्पोजर थोडं खाली ओढलं की काटे परत येतात. पण खाली ओढायचं बटण कुठलं हे शोधायला चष्मा लागतो, चष्मा घातला की डोळा कॅमेऱ्याला लागत नाही आणि तोवर इकडे बोरं पडायला लागलेली असतात.

बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, ओला हरभरा, तिळाच्या रेवड्या, गोळ्या हे सगळं एका मापट्यात कालवून आजी डोक्यावरून ओतते. हे सारं अर्ध्या सेकंदात खाली येतं. शटर सेकंदाच्या १/२५० भागापुरतंच उघडलं तर बोर बोरासारखं दिसतं. मी १/३० ला ठेवलं होतं, आयएसओ (कॅमेऱ्याला उजेड किती चटकन जाणवतो तो आकडा) वाढवला तर फोटोला दाणे येतात असं कुणीतरी सांगितलेलं. आमच्या फोटोत नातीच्या डोक्यावर धूमकेतू पडत आहेत.

मग आपण काय करायचं? ओरडायचं, "थांबा! कुणी वेचू नका! परत ओता!" सोसायटीची आठ पोरं, खिसे भरायला वाकलेली, तशीच थिजतात. आजी जमिनीवरची बोरं मापट्यात भरते. पुन्हा ओतते. फ्लॅश पडत नाही, सेल उतरलेले. पुन्हा भरते. तिसऱ्या वेळी मापटं नुसतं वर गेलं तसा नातीने दोन्ही हातांनी डोक्यावरचा हलव्याचा मुकुट धरला, मान पोटात घातली आणि एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं. बस स्टँडवर उन्हात गाडीची वाट बघणारी म्हातारी बघते ना, तसं. तो फोटो आला आहे. फोकस मागच्या कॅलेंडरवर आहे.

घरचे निघून गेले की एडिटिंगला बसा. आजीने गालावर लावलेली तीट आधी पुसा. सॉफ्टवेअरमध्ये एका टिचकीत जाते. हे काम एकट्याने करा. आमच्या हिने मागे उभं राहून पाहिलं, काही बोलली नाही, आत गेली, मीठ-मोहरी घेऊन आली आणि लॅपटॉपवरून तीन वेळा ओवाळली.

फोटो मुलाला लगेच पाठवू नका. दोन हजार एकशे चौदा आहेत, निवडायला वेळ लागतो. तो मार्चमध्ये विचारेल, "झालं का बाबा?" तेव्हा रंगांवर काम चालू आहे म्हणा. मेमध्ये विचारेल तेव्हा हार्ड डिस्क. त्यानंतर तो विचारत नाही. एवढ्यात सूनबाईंनी एक फोटो कौटुंबिक ग्रुपवर टाकलेला दिसेल. खिडकीखाली आजी, पुढ्यात मटारांची परात, एक दाणा नातीच्या ओठांवर आणि दुसरा चोरायला निघालेला हात, गालावर तीट, डोळ्यांत खिडकी. फोनवरच काढलेला. ग्रुपवर शंभर जणांनी बदाम टाकले तरी आपण टाकू नये. उजव्या कोपऱ्यात स्टँडचा पाय आलाय, तेवढं नम्रपणे नजरेस आणून द्यावं.

राहिला व्हिडिओ कॉल. बंगळुरूला गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी लावला. नातीने आजीला लगेच ओळखलं, हाका मारून मारून घसा बसवला. मग फोन माझ्या हातात आला. "ओळख बरं, हे कोण?" सूनबाईंनी विचारलं. ती बघत राहिली. टक्कल, चष्मा, मिशी, सगळं नीट तपासलं आणि आईच्या मानेत तोंड लपवलं. मी दोन-चार वेळा "आबा, आबा" म्हणून पाहिलं, पण काही उपयोग झाला नाही. शेवटी कपाटातून कॅमेरा काढला, डोळ्याला लावला आणि एक डोळा मिटला.

"आबाऽऽ!" पलीकडून किंकाळी आली, आणि पाठोपाठ तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले.

तेव्हा कॉलला बसण्यापूर्वी बॅटरी चार्ज करून ठेवा. कॅमेरा नुसता धरून भागत नाही, ती "खट्" मागते.