‘मॉलमध्ये मिनिटामिनिटाला दर बदलतात’ हा मेसेज पुढं ढकलायच्या आधी जरा हे वाचा

गेले काही दिवस आमच्या सोसायटीच्या ग्रुपपासून माहेरच्या ग्रुपपर्यंत एकच मेसेज फिरतोय, सोलापुरात राहत असाल तर तुम्हालाही आला असेलच. नसेल तर थोडक्यात सांगते. मॉलमध्ये शेल्फवरच्या दराच्या कागदी पट्ट्या जाऊन आता डिजिटल पट्ट्या येणार, त्या कॉम्प्युटरवरून चालतात म्हणून गर्दी झाली की दर वाढणार, तुमचा मोबाईल भारी दिसला तर तुम्हाला जास्त दर, शेल्फवरून उचलून काउंटरला जाईपर्यंत दर बदललेला, अमेरिकेत हे सुरू झालंय, आपल्याकडं याच्याविरुद्ध कायदाच नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातच जा, तिथं सगळ्यांना एकच भाव. खाली नेहमीसारखं ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

काळजी खोटी नाही हो. महिन्याचं सामान भरताना कुठल्या घरात बेरीज-वजाबाकी चालत नाही? पण या मेसेजमध्ये खरं आणि खोटं असं कालवलंय की वाचणारा भलत्याच गोष्टीला घाबरतो आणि जिथून खरंच पैसे जातायत तिकडं त्याचं लक्षच जात नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘अमेरिकेत गर्दी बघून किराण्याचे दर वाढवतात.’

वॉलमार्ट या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीनं जून २०२४ मध्ये सांगितलं की २०२६ पर्यंत २३०० दुकानांत डिजिटल पट्ट्या बसवू, इथपर्यंत खरं आहे. एकेका दुकानात लाखाच्या वर वस्तू, दर बदलले की कागद काढा, नवा घाला, याला दोन दिवस लागायचे ते काम काही मिनिटांत होईल असं कारण दिलं. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ वॉरन आणि बॉब केसी या दोन सिनेटरांनी क्रोगर नावाच्या किराणा साखळीला पत्र लिहून विचारलं की या पट्ट्यांच्या आधारानं तुम्ही मागणी वाढली की दर वाढवणार का, कॅमेऱ्यात चेहरा ओळखून दर ठरवणार का. कंपनीनं नाही सांगितलं. आपल्या मेसेजमध्ये तोच प्रश्न ‘तसं सुरू झालंय’ होऊन आलाय. नंतर २०२५ मध्ये तिथल्या विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी एका साखळीचे पट्ट्या बसवायच्या आधीचे आणि नंतरचे दर ताडून पाहिले, तर तात्पुरती दरवाढ आधीही जवळजवळ नव्हती आणि नंतरही नाही. उद्या कोणी करणारच नाही असं मी म्हणत नाही, करता येण्यासारखं यंत्र हातात आहे, म्हणूनच ते सिनेटर विचारत होते. पण विचारणं वेगळं आणि ‘झालंय’ म्हणून गावभर सांगणं वेगळं.

‘मोबाईल बघून वेगळा दर.’

शेल्फवरच्या पट्टीसमोर तुम्ही आणि तुमची शेजारीण एकदम उभ्या राहिलात तर दोघींना एकच आकडा दिसणार ना? माणसागणिक दर लावायचा असेल तर पट्टी ही सगळ्यात अडचणीची जागा आहे. हा मुद्दा बहुतेक कॅबच्या बातमीवरून उचललाय, जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ओला आणि उबरला नोटीस काढली होती की आयफोनवाल्याला एक भाडं आणि अँड्रॉइडवाल्याला दुसरं अशा तक्रारी आहेत, खुलासा करा. दोघांनीही आरोप नाकारला. पण तो मामला ॲपचा होता, आणि काळजी करायचीच असेल तर ॲपचीच करावी, कारण तिथं प्रत्येकाची स्क्रीन वेगळी आणि शेजारणीला काय दर दिसतोय ते तुम्हाला कधीच कळत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत इन्स्टाकार्ट या किराणा पोचवणाऱ्या ॲपचं हेच बाहेर आलं, एकच दुकान, एकच वस्तू, एकच वेळ आणि वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळा दर, काही वस्तूंत फरक २३ टक्क्यांपर्यंत. कंपनी म्हणाली आम्ही कोणाची वैयक्तिक माहिती वापरली नाही, ही नुसती चाचणी होती, पण ओरड झाल्यावर त्याच महिन्यात चाचण्या बंद केल्या. न्यूयॉर्क राज्यात तर २०२५ पासून कायदाच आहे, ग्राहकाची माहिती वापरून कॉम्प्युटरनं दर ठरवला असेल तर तसं दराजवळ स्पष्ट लिहायचं.

आणि आपल्याकडच्या दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲपचं बिल एकदा शेवटपर्यंत वाचा. वस्तूंचे दर एमआरपीच्या आत, मग खाली हँडलिंग चार्ज, छोट्या ऑर्डरचा चार्ज, पाऊस असला तर पावसाचा चार्ज. पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या पायरीवर असे चार्ज उघड करणं हे नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे ॲपमधून ग्राहकाला गंडवायच्या क्लृप्त्यांच्या) सरकारी सूचनांत मनाई केलेल्या गोष्टींमध्ये आहे. यावर मात्र एकही मेसेज फिरत नाही.

‘काउंटरला जाईपर्यंत दर बदलतो.’

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण शेल्फवर एक आणि बिलात दुसरा दर हे आपल्याकडं आजही होतं आणि ते कागदी पट्टीमुळं होतं. मी जिथं जिथं सामान घेते, जुळे सोलापूर, विजापूर रोड, सात रस्ता, तिथं अजून कागदी पट्ट्याच बघितल्यात. पुड्यावरच्या बारकोडमध्ये किंमत नसते, फक्त वस्तूचा नंबर असतो, भारतात नोंद केलेला असेल तर सुरुवातीला ८९०. काउंटरवर बीप झालं की दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये त्या नंबरासमोर जो दर भरलाय तो बिलात येतो, आणि शेल्फवरचा कागद कोणीतरी पोरगं हातानं बदलत असतं, त्याच्याकडून एखादी रांग राहून जाते. विजापूर रोडच्या एका दुकानात चहाच्या पुड्याखाली ऑफरची पिवळी पट्टी होती, बिलात ऑफर नव्हती. मी बिल घेऊन परत शेल्फपाशी गेले, पट्टीवरची तारीख बघितली तर ऑफर आठवड्यापूर्वीच संपलेली, तारीख इतक्या बारीक अक्षरात की वाकून वाचावी लागली. तिथल्या मुलीनं काही न बोलता पट्टी काढली, तिच्याखाली अजून एक जुनी पट्टी, तिसराच दर. फरकाचे पैसे परत दिले. माझ्यामागं जे चार जण तोच पुडा घेऊन गेले असतील त्यांचं काय?

डिजिटल पट्टी त्याच कॉम्प्युटरमधून दर घेते जिथून बिल निघतं, त्यामुळं असला घोळ उलट कमी व्हायला पाहिजे. पण तुम्ही डाळ गाडीत टाकली आणि अर्ध्या तासानं काउंटरला गेलात, मधे दर वाढला तर? ही शंका रास्त आहे, आणि यावर तोडगा जगात आहे. नॉर्वेमध्ये रेमा १००० नावाची साखळी दिवसात शंभरेक वेळासुद्धा दर बदलते, पण दुकान उघडं असताना दर फक्त खाली आणतात, वाढवायचा असेल तर रात्री बंद झाल्यावर. आपल्याकडं डिजिटल पट्ट्या यायच्या आधीच ग्राहक पंचायतींनी हा नियम मागून घेतला पाहिजे.

‘आपल्याकडं कायदाच नाही.’

हे वाचून मला खरंच राग आला. अमेरिकेत जे नाही ते आपल्याकडं आहे, त्याचं नाव एमआरपी. पॅकबंद वस्तूवर सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत छापायची आणि त्याच्यावर एक रुपया घ्यायचा नाही, गर्दी असो, गड्डा यात्रा असो, दिवाळीची आदली रात्र असो. वैध मापन शास्त्राचा २००९ चा कायदा आणि २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम, दोन्ही आहेत. तीच वस्तू तेवढ्याच वजनात दोन वेगळ्या एमआरपीनं विकायला २०१८ पासून बंदी आहे. दर कमी केल्याचं स्टिकर लावता येतं पण जुनी छापील किंमत झाकायची नाही. (हॉटेलात पाण्याची बाटली एमआरपीच्या वर देतात ते वेगळं, तिथं बसायची-वाढायची सेवा असते म्हणून २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना मोकळीक दिलीय, दुकानदाराला नाही.)

शिवाय २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्यात तक्रार कशाची करता येते ते लिहिलंय: पुड्यावरच्या दरापेक्षा, किंवा दुकानानं लावलेल्या दरपत्रकापेक्षा जास्त पैसे घेतले तर. म्हणजे एमआरपी २१०, शेल्फवर १८५ आणि बिलात १९९ आलं तर ‘एमआरपीच्या आतच आहे की’ हे उत्तर चालत नाही. शेल्फवरचा फोटो काढा, बिल सांभाळा, आधी मॅनेजरला दाखवा, नाही ऐकलं तर १९१५ या सरकारी ग्राहक हेल्पलाइनला फोन. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

आता मेसेजवाल्याच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करायलाच पाहिजे. एमआरपीच्या खाली दर रोज बदलला, तासाला बदलला तरी आज त्याला कोणी अडवू शकत नाही, आणि कंपन्या एमआरपी इतकी चढवून छापतात की खाली खेळायला भरपूर जागा उरते. काजू-बदामाचे पुडे बघा, छापील किमतीला कोणी घेतच नाही, सगळीकडं ‘सूट’. उद्या दर हलवायचे ठरवले तर याच फटीत हलवणार. पण ही फट आजही आहे, कागदी पट्टीतही आहे, आणि खरं मागणं एमआरपी कशी ठरते ते उघड करा हे असायला हवं.

आणि दर पटकन बदलणं नेहमी आपल्या तोट्याचंच असतं असंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर, तूप-लोणी १२ वरून ५ वर. पुड्यांवर जुनीच एमआरपी, शेल्फवर जुनेच कागद, आणि कुठं नवा दर लागला कुठं नाही यावरून काउंटरवर किती वाद झाले ते त्या आठवड्यात खरेदीला गेलेल्या कोणालाही विचारा. त्या दिवशी पट्ट्या रात्रीत बदलल्या असत्या तर फायदा कोणाचा झाला असता?

‘किराणा दुकानात सगळ्यांना एकच भाव.’

कोपऱ्यावरच्या दुकानदाराबद्दल माझ्या मनात माया आहे. अडीअडचणीला वहीवर सामान देणारा तोच असतो, विडी वळणाऱ्या बायकांचं, यंत्रमागावर आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या घरांचं पूर्व भागात त्याच्याशिवाय पानसुद्धा हलत नाही. पण एकच भाव? रोखीला एक आणि उधारीला एक हे कोणाला माहीत नाही! आणि सुट्ट्या मालाला तर एमआरपीच नाही. ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, याचा भाव दुकानदार सकाळी फोनवर विचारून ठरवतो, संध्याकाळी वेगळा असू शकतो, आणि पाटी असली तर खडूची. लक्ष्मी मंडईत सकाळी मेथीची पेंडी एका दरानं मिळते आणि दिवे लागल्यावर निम्म्यानं, कारण सकाळपर्यंत ती टिकत नाही. मिनिटामिनिटाला दर बदलायचा तर तो मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावात बदलतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्यानं तिथं ५१२ किलो कांदा विकला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात २ रुपयांचा चेक आला. त्या दिवशी आपल्याला काही एक रुपया किलोनं कांदा मिळत नव्हता. ही दरी कुठल्या डिजिटल पट्टीनं पाडलेली नाही.

छोट्या दुकानात अजून एक गोष्ट होते जी मेसेजमध्ये औषधालाही नाही. तिथं सगळ्यात जास्त खपतात पाच आणि दहा रुपयांचे पुडे. त्यांचा दर वर्षानुवर्षं बदलत नाही, वजन बदलतं. बिस्किटं तेवढ्याच दहा रुपयांत पण पुडा हाताला हलका लागतो, साबणाची वडी बारीक होते. म्हणूनच पॅकवर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलि दर छापायचा नियम आलाय, एमआरपीच्या आसपासच असतो तो, बारीक अक्षरात. पुढच्या वेळी छोटा आणि मोठा पुडा शेजारी धरून ते दोन आकडे वाचा, बऱ्याच वस्तूंत आठवड्याच्या पगारावर छोटा पुडा घेणारी बाई ग्रॅममागं जास्त पैसे देत असते. आणि दहा ग्रॅमच्या आतल्या अगदी छोट्या बहुतेक पुड्यांना तर या छपाईच्या नियमांतूनच सूट आहे.