अश्वत्थाम्याचे अस्त्र आणि 'कल्की'चे विज्ञान

'कल्की २८९८ एडी' हा चित्रपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा २०२४ च्या जून महिन्यात, प्रदर्शित झाला त्याच आठवड्यात, नाशिकच्या चित्रपटगृहात वडिलांबरोबर. आणि आता पुन्हा घरी, थांबवत थांबवत, काही प्रसंग मागे नेऊन. सुमारे सहाशे कोटी रुपये खर्च झाले आणि जगभरातून हजार कोटींच्या वर कमाई झाली, या आकड्यांवर भरपूर लिहून झाले आहे. मला लिहायचे आहे ते वेगळ्या गोष्टीबद्दल. दिग्दर्शक नाग अश्विन यांनी महाभारतातून एक अस्सल बीज उचलले आणि त्याच महाभारतात असलेला विज्ञानाचा सर्वांत मोठा प्रश्न मात्र तिथेच ठेवून दिला, असे मला दुसऱ्यांदा पाहताना फार तीव्रतेने वाटले.

आधी अश्वत्थाम्याबद्दल. माझे बालपण तळोद्यात गेले. नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यात अस्तंबा नावाचे उंच शिखर आहे आणि तिथला अस्तंबा ऋषी म्हणजेच अश्वत्थामा, अशी त्या भागातल्या आदिवासी बांधवांची श्रद्धा आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, यात्रेकरूंचे जथे आमच्या गावातून डोंगराकडे निघत. कपाळाची जखम भळभळते म्हणून तो दारोदार तेल मागत फिरतो, हे आजीने सांगितलेले. आणि रानात वाट चुकलेल्याला तो वाट दाखवतो, हे यात्रेला जाणाऱ्यांनी सांगितलेले. नर्मदेच्या परिक्रमेतही तो भेटतो असे मानणारे पुष्कळ आहेत. चित्रपटकर्त्यांना ही श्रद्धा ठाऊक असावी, कारण अमिताभ बच्चन यांच्या या भूमिकेची पहिली झलक त्यांनी २०२४ च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठच्या नेमावरला दाखवली होती. पडद्यावर चिंध्या गुंडाळलेली ती उंच आकृती अंधारातून उठली तेव्हा शेजारी बसलेले माझे वडील हळूच म्हणाले, "हाच गं तो, तेल मागणारा." त्यांना ओळख पटवून द्यावी लागली नाही. मला वाटते, चित्रपटाचे सर्वांत मोठे यश यातच आहे.

मूळ कथेत अश्वत्थाम्याचा अपराध भयंकर आहे. झोपलेल्या पांडवपुत्रांना मारून त्याचे समाधान झाले नाही. त्याने ब्रह्मशिर अस्त्र उत्तरेच्या गर्भावर वळवले. कृष्णाने त्या गर्भाला जीवदान दिले आणि अश्वत्थाम्याला तीन हजार वर्षे एकाकी, रक्त-पुवाच्या दुर्गंधीसह भटकण्याचा शाप दिला. चित्रपट या शापाला एक वळण देतो: ज्याने एका गर्भावर अस्त्र टाकले, त्यानेच सहा हजार वर्षांनी दुसऱ्या गर्भाचे रक्षण करायचे. ही कल्पना पुराणात नाही, पण पुराणाच्या प्रकृतीला ती तंतोतंत मानवते. सातपुड्यातल्या लोकांनी वाट चुकलेल्यांना वाट दाखवायचे काम सोपवून त्याला जे प्रायश्चित्त देऊ केले, तेच नाग अश्विन वेगळ्या मार्गाने देतात. अमिताभ बच्चन यांनी वयाच्या ऐंशीनंतर ही भूमिका केली आहे. मारामारीचे प्रसंग उत्तमच आहेत, पण मला त्याहून मोलाचा वाटला तो त्यांचा, कल्कीला पोटात वाढवणाऱ्या सुमतीशी बोलतानाचा स्वर. प्रचंड देहाचा हा म्हातारा तिच्यासमोर येतो तेव्हा त्याचा आवाज खाली उतरतो, नजर तिच्या चेहऱ्याऐवजी तिच्या पोटाकडे जाते आणि त्या नजरेत भक्तीपेक्षा भीती अधिक असते. आपल्या हातून पुन्हा चूक होऊ नये, ही ती भीती. कृष्णाचा चेहरा सावलीत ठेवण्याचा निर्णयही तितकाच विचारपूर्वक घेतलेला आहे; त्यामुळे शाप देणाराच आपल्या लक्षात राहतो, भूमिका करणारा नट नाही.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. सौप्तिक पर्वात अश्वत्थाम्याच्या अस्त्राला उत्तर म्हणून अर्जुनही अस्त्र सोडतो. दोन्ही अस्त्रे भिडली तर पृथ्वीवर काही उरणार नाही, म्हणून व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात आणि दोघांना अस्त्रे मागे घ्यायला सांगतात. अर्जुन घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही, कारण सोडण्याची विद्या त्याच्याकडे आहे, आवरण्याचे सामर्थ्य नाही. द्रोणांनी ही विद्या मुलाला फारशा खुशीने दिलीच नव्हती आणि माणसांवर ती वापरू नकोस, असे बजावलेही होते. विज्ञानकथेला याहून मोठा विषय कोणता हवा? जे सुरू करता येते पण थांबवता येत नाही, अशा ज्ञानाचे काय करायचे, हा प्रश्न अणुबाँबपासून आजच्या स्वयंचलित यंत्रांपर्यंत प्रत्येक पिढीपुढे उभा राहिला आहे, आणि आपल्या महाकाव्याने तो स्पष्ट शब्दांत मांडून ठेवला आहे. चित्रपट अश्वत्थाम्यापासून सुरू होतो, उत्तरेचा गर्भ दाखवतो, मणी काढून घेतलेला दाखवतो. पण अस्त्र मागे घेता न आल्याच्या या गोष्टीपाशी तो थांबत नाही. त्यामुळे पुढच्या तीन तासांत पुराण एका बाजूला राहते आणि यंत्रे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींना जोडणारा टाका उघडा दिसतो.

यंत्रांची ही बाजू पाहायला देखणी आहे, हे मान्य करायलाच हवे. गंगा आटलेली, काशी हे जगातले अखेरचे शहर, आणि त्याच्या डोक्यावर उलट्या पिरॅमिडसारखे तरंगणारे 'कॉम्प्लेक्स', ज्याने पाणी, हिरवळ, अन्न सगळे शोषून घेतले आहे. काशीची निवड मार्मिक आहे, कारण प्रलयातही जिचा नाश होत नाही अशी नगरी म्हणूनच आपण तिला मानतो. परंतु या जगाला स्वतःचे नियम नाहीत. खाली पाण्याच्या थेंबासाठी जीव जातात, तर मग एवढी वाहने, एवढी शस्त्रे, एवढे दिवे कशावर चालतात? कॉम्प्लेक्समध्ये जाण्यासाठी दहा लाख युनिट मोजावे लागतात, पण ज्यांच्याकडे काहीच उरलेले नाही अशा लोकांकडून कॉम्प्लेक्सला ते युनिट हवेत कशासाठी? विज्ञानकथेत अशक्य गोष्टी असायला माझी हरकत नाही; एकदा अशक्य गृहीत धरले की त्यापुढचे तर्काने चालावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. विज्ञानकथांची चांगली परंपरा असलेल्या मराठीच्या वाचकांना तरी ही अपेक्षा जास्त वाटणार नाही.

कालगणनेतही हेच घडले आहे. कलियुगाचा आरंभ परंपरेने इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये मानतात. ३१०२ आणि २८९८ यांची बेरीज सहा हजार होते, आणि चित्रपटाच्या नावातले वर्ष तिथून आले आहे. हिशेब सुबक आहे. पण पुराणे कलियुगाची लांबी चार लाख बत्तीस हजार वर्षे सांगतात आणि कल्की येतो तो त्याच्या शेवटी. तो इतक्या लवकर का आला? माणसाने पृथ्वीची दशा इतकी केली की युगच आखडले, असे एक वाक्य जरी कुणाच्या तोंडी असते तरी त्या आटलेल्या गंगेला अर्थ आला असता.

सुमतीबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटले. कॉम्प्लेक्समध्ये तिला नाव नाही, 'सम-८०' हा क्रमांक आहे. सुपीक स्त्रियांना पकडून आणायचे, त्यांच्यात गर्भ वाढवायचा, त्यातून सीरम काढायचे आणि त्यावर यास्किन नावाच्या सत्ताधीशाचा देह टिकवायचा, ही कल्पना अंगावर काटा आणते, आणि ती भविष्यातली म्हणून दूर ठेवता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या किती बायकांची गर्भाशये काढली गेली आणि त्यामागे मजुरीचा खाडा पडू नये हे कारण कसे होते, हे आपण २०१९ मध्ये वाचलेच आहे. स्त्रीच्या गर्भाशयाचा हिशेब कामाच्या सोयीने लावणारे जग यायचे नाही, ते आलेले आहे. एवढा जिवंत धागा हाती असताना पटकथेने सुमतीला जवळजवळ मुकी ठेवली आहे. सगळे तिला वाचवतात, पळवतात, नमस्कार करतात. तिला हे मूल हवे आहे का, पोटात देव आहे हे ऐकून तिला काय वाटले, हे तिला कुणी धड विचारत नाही. दीपिका पदुकोणने डोळ्यांनी जेवढे सांगता येईल तेवढे सांगितले आहे. आगीतून ती चालत बाहेर येते तो प्रसंग मी घरी तीनदा पाहिला. त्यात एकही संवाद नाही आणि तरीही साऱ्या चित्रपटात ती तिथेच सर्वांत जास्त बोलते. पुढच्या भागात ती नसल्याचे निर्मात्यांनी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केले. कारणे काहीही असोत, पण पहिल्या भागाने जे तिच्याकडून ऐकले नाही ते आता दुसऱ्या चेहऱ्याकडून ऐकावे लागेल.

बक्षिसासाठी माणसे पकडणाऱ्या, प्रभासच्या भैरवाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या तासातली त्याची थट्टामस्करी लांबते, आणि पाहुण्या कलाकारांची रांग कथेची लय मोडते. बुज्जी ही त्याची गाडी मात्र खरोखर चालणारी, सुमारे सहा टनांची, महिंद्र आणि कोइम्बतूरच्या अभियंत्यांच्या मदतीने इथेच घडवलेली आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. तेवढीच मेहनत पटकथेवर व्हायला हवी होती.

शेवटी अश्वत्थाम्याची काठी भैरवाच्या हातात येते, तिचे धनुष्य होते आणि तो कर्ण असल्याचे उघड होते, तेव्हा आमच्या चित्रपटगृहात टाळ्या पडल्या. मराठी वाचकाचा कर्णाकडे ओढा जुना आहे, 'मृत्युंजय'ने तो आणखी घट्ट केला, आणि मीही त्याला अपवाद नाही. तरीही कर्णाला मोठे करताना अर्जुनाला लहान करायची गरज नव्हती. अस्त्र आवरून धरणारा तोच होता.

पहिला भाग संपतो तेव्हा सीरमच्या एका थेंबाने यास्किन उभा राहतो आणि कुणालाही न उचलता आलेले गांडीव तो उचलतो. कमल हासन यांना आतापर्यंत फार थोडा वेळ मिळाला आहे, पण ते दृश्य मनातून जात नाही. प्रचंड शक्ती अशा माणसाच्या हाती पडली आहे, ज्याने ती आवरायला कधी शिकून घेतलेले नाही. त्या जगात ही चूक स्वतः करून, तिची किंमत सहा हजार वर्षे मोजलेला एकच माणूस जिवंत आहे. दुसऱ्या भागात या दोघांना एकमेकांसमोर बसवावे, आणि लढाई सुरू होण्याआधी अश्वत्थाम्याला त्याला ती गोष्ट सांगू द्यावी.